म्हणे कुठलंही बोट चालतं!

"कुठलंही बोट लाव, सूर तोच येतो ना!" नगरमध्ये (आता कागदोपत्री अहिल्यानगर) पेटी-कॅसिओच्या क्लासांतून हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की आता डोकंच फिरतं. सूर तोच येतो, कबूल. पण पुढच्या सुरावर वेळेत पोचायचं कसं?

पियानोच्या छापील कागदावर सुरांच्या डोक्यावर बारीक आकडे असतात. १ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी, दोन्ही हातांना तसंच. पोरं त्यांना मात्रा समजतात आणि क्लासवाले म्हणतात, "ते सोड". (जुन्या इंग्रजी पुस्तकांत अंगठ्याला + आणि तर्जनीला १ असे. रद्दीतलं पुस्तक असेल तर आधी हे तपासा, नाहीतर सगळं एका बोटानं सरकेल!)

सा पासून वरच्या सा पर्यंत सूर आठ, बोटं पाच. त्यात पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर. म्हणजे मधे कुठेतरी अंगठा खालून सरकवणं आलंच. कुठे सरकवायचा, ते हे आकडे सांगतात. पांढरी एकचे शुद्ध स्वर घ्या: सा रे ग ला १ २ ३, म वर पुन्हा अंगठा, पुढे २ ३ ४ ५.

यावर एकच आक्षेप मला दमदार वाटतो. आपला सा हलतो. गाणारा काळी एकमध्ये गायला की तेच स्वर २ ३ १ २ ३ ४ १ २ होतात, कारण काळ्या पट्टीवर अंगठा अवघडतो, तो ग आणि नी च्या पांढऱ्या पट्ट्यांवरच टाकायचा. मग आकडा कुठला छापणार? अहो, दोन्ही छापा! भातखंड्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली रेघ आहे, मंद्राखाली टिंब आहे, समेला × आहे, खालीला ० आहे. बोटाला काही नाही, कारण ती लिपी मुख्यतः गळ्यासाठी. पण माझ्या हाती आलेल्या पेटीच्या पुस्तकांनीही तीच जशीच्या तशी उचललीय.

"ज्याचा त्याचा हात वेगळा" हेही ऐकवतात. डेब्यूसीने १९१५ सालच्या एट्यूड्समध्ये मुद्दाम बोटं लिहिली नाहीत, वाजवणाऱ्यानं आपली आपण शोधावीत म्हणून. पण ते वाजवणारे मुरलेले होते. आपण तीच सूट आठ वर्षांच्या पोराला देतो. ते दोन बोटांनी टायपिंग केल्यासारखं वाजवतं, द्रुत तानेत अडखळतं, दोन वर्षांत क्लास सुटतो. आणि घरचे म्हणतात, "त्याला हातच नाही हो!"

पुढच्या खेपेला नवीन गत मिळाली की वहीत स्वरांवर पेन्सिलीनं बोटांचे आकडे लिहून मागा. सरांना राग आला तर येऊ दे.