वेशीवरची अडत

हडपसरच्या परिसरातील भाजीपाल्याचा व्यापार जुना, तर मगरपट्ट्यातील संगणक-उद्योग नवा. दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु माल एकाचा, गिऱ्हाईक दुसरा आणि मधली वेस तिसऱ्याच्या ताब्यात, हे दुखणे दोन्हीकडे सारखेच आहे.

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला आणि बाजार समितीच्या आवाराबाहेर विक्रीस मोकळीक दिली. यांतील दुसरा निर्णय अधिक मोलाचा होता. अडतीचा भार खरेदीदारावर टाकला, तरी पडत्या भावातून तो पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी येऊ शकतो. दुसरी वाट खुली असेल तरच अडत्याला आपला दर सेवेच्या मोलाशी जुळवावा लागतो.

मोबाइलमधील अ‍ॅपच्या बाजारात गूगल आणि अ‍ॅपल हे असे अडते आहेत. डिजिटल विक्रीवर ते साधारणतः १५ ते ३० टक्के शुल्क घेत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला आणि पैसे भरण्याची अन्य व्यवस्था वापरू देण्यास फर्मावले. गूगलने ती मुभा दिली. शुल्क मात्र ३० चे २६ आणि १५ चे ११ टक्के, एवढेच उतरवले. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून मुंबईच्या शादी डॉट कॉमसह अनेक भारतीय अ‍ॅप दुकानातून हटवली गेली. सरकारने लक्ष घातल्यावर ती परतली. पुढे मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडही २१६.६९ कोटींवर आणला.

युरोपीय संघाने वेशीलाच हात घातला. त्याच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनवर इतर अ‍ॅप-दुकानांना प्रवेश मिळाला. बाहेर स्वस्त मिळते हे ग्राहकास सांगण्यापासून विक्रेत्यांना रोखल्याबद्दल अ‍ॅपलला एप्रिल २०२५ मध्ये ५० कोटी युरोंचा दंडही झाला.

दुकान सुरक्षित राखण्यास खर्च येतो, हे खरे; त्याचा मोबदला कोणी नाकारू नये. पण पर्यायच नसेल, तर मोबदला आणि खंडणी यांतील सीमारेषा कोणी ठरवायची? आपल्या सरकारने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु मसुदा म्हणजे कायदा नव्हे. उद्या अ‍ॅप घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दंडाच्या आकड्यांचा उपयोग नाही. त्याला दुसरी वेस हवी आहे.