मेंढीच्या कानातला बिल्ला कुणाच्या नावाचा?

मेंढीपालनाची कुठलीही माहितीपुस्तिका उघडून पाहा. सुरुवात 'मेंढपाळ बंधूंनो' अशी. वर चित्र : डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेतलेला बाप्या आणि पुढे कळप. बाई चित्रात नाही. असलीच तर मागे कोपऱ्यात, चुलीपाशी. आणि आतला मजकूर वाचत गेलात तर कळते, की त्यातला निम्म्याहून अधिक भाग त्या चुलीपाशी बसवलेल्या बाईच्याच कामाचा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या धनगर बायकांच्या गटांबरोबर मी काम करते. त्या निमित्ताने तालुक्याच्या गावी झालेल्या एका मेंढीपालन प्रशिक्षणाला मी बसले होते. समोर पन्नासेक पुरुष. बाया आम्ही तिघी, त्यातली एक चहा द्यायला आलेली. साहेबांनी सांगितलेली माहिती खरी होती, उपयोगाची होती. माझे भांडण त्या माहितीशी नाही. ती कुणाच्या कानावर घातली, याच्याशी आहे.

काय सांगितले त्यांनी? मेंढी सुमारे पाच महिने गाभण असते. पोटातल्या कोकराचे जवळजवळ सत्तर टक्के वजन शेवटच्या दीड महिन्यात वाढते, म्हणून त्या दिवसांत चराईशिवाय तिला रोज थोडा भरडा आणि पेंड द्यावी. आता कळपातली कुठली मेंढी भरत आली आहे, कुणाच्या कासेला सूज आली आहे, कुणाच्या पाठीवर हात फिरवला की हाडे लागतात, हे वाड्यावर कोण बघते? बाई. गाभणीला बाजूला काढून तिच्यापुढे चार मुठी जास्त कोण टाकते? बाई. आणि ते चार मुठी धान्य पोरांच्या भाकरीतून काढायचे की नाही, हा हिशेब कुणाच्या डोक्यात चालतो? तोही तिच्याच.

पुढचा धडा कोकराचा. जन्मल्याबरोबर नाळेला आयोडीन लावावे, पहिल्या तासाभरात चीक पाजावा. मेंढीच्या पोटात असताना कोकराला रोगाशी लढण्याची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. चीक चुकला की कोकरू हगवणीने किंवा न्यूमोनियाने जाते. आता कळप दिवसभर रानात पुरुषामागे आणि लहान कोकरे वाड्यावर बाईपाशी, ही कामाची वाटणी पिढ्यानपिढ्यांची आहे. पहिलटकरीण मेंढी कोकराला लाथाडते तेव्हा तिला दोन्ही गुडघ्यांत दाबून कोकरू कासेला लावणारी बाईच. थंडीवाऱ्यात त्याला डालग्याखाली झाकणारी, आईवेगळ्या पिल्लाला दुसरीला पाजायला लावणारीही तीच. कळप वाढतो तो मेंढा सोडल्याने नव्हे, कोकरे जगल्याने.

पुरुषाचे कष्ट मी नाकारत नाही. उन्हातान्हात कळपामागे मैलोन्‌मैल चालणे, रात्री लांडग्याच्या भीतीने जागणे, हे खोटे नाही. पण त्याच्या कष्टाला 'मेंढपाळ' असे नाव आहे. तिच्या कष्टाला नावच नाही. तिला विचारले 'तुम्ही काय करता?' तर ती म्हणते, 'काय न्हाय, घरीच असते.' आणि ते 'घर' म्हणजे घोड्यावर लादलेले बिऱ्हाड! दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, वाघर लावायची, वाघर काढायची, आज या शेतात उद्या त्या, पावसाळ्याच्या तोंडी परत यायचे. अशा घरी ती 'असते'!

नाव नसले की पुढचे सगळेच हुकते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते, कारण पावसानंतरच्या कोवळ्या, भरपूर चाऱ्यावर हा रोग उफाळतो आणि कळपातली चांगली धष्टपुष्ट कोकरेच आधी पटापट मरतात. 'चांगलं पोट भरून आलेलं कोकरू सकाळी ताठ झालं' हे पहिल्यांदा बघणारी बाई असते. पण लशीचे नाव, तारीख सांगितलेली असते तिच्या नवऱ्याला. त्याने घरी येऊन सांगितले तर सांगितले. मग कोकरे मेली की 'देवीचा कोप' आणि 'बायकांचं लक्ष नाही' ही दोन कारणे तयारच असतात.

आता नव्या विज्ञानाकडे या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधल्या सुंदरबनाच्या गारोल मेंढीतला जुळी देणारा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. एरवी एका वेताला एकच कोकरू देणारी मेंढी दोन देऊ लागली. या कामात चंदा निंबकर या स्त्री शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे, याचा मला अभिमान आहे. नावातले 'नारी' हे संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आले आहे. पण त्या नावाने मला एक प्रश्न सुचतो : मेंढीला दोन कोकरे झाली, तेव्हा माणसातल्या नारीचे काय झाले? जुळ्यांची कोकरे लहान जन्मतात, दोघांना सारखे दूध मिळते की नाही यावर डोळा ठेवावा लागतो, अशक्त कोकराला बाटलीने पाजावे लागते, आईला खुराक वाढवावा लागतो. म्हणजे उत्पन्न वाढायच्या आधी काम वाढते. ते कुणाचे? आणि पुढे बकरे लोणंदच्या किंवा आटपाडीच्या बाजारात विकले, की पैसे कुणाच्या खिशात? सुधारित जातीला माझा विरोध नाही, उलट ती हवी. पण जुळे देणारी मेंढी द्यायची आणि ती जुळी जगवणारीला मोजायचेच नाही, ही सुधारणा अर्धी आहे.

आणि मोजणे म्हणजे नुसते कौतुक नव्हे. मोजणे म्हणजे मालकी.

आमच्या एका गटातली बाई. तिचे नाव लिहीत नाही. लग्नात बापाने पाच मेंढ्या आंदण दिल्या. बारा वर्षांत त्या पाचांची वेल वाढून निम्मा कळप त्यांचा झाला. नवरा अचानक वारला. दिरांनी कळप वाटून घेतला, तिच्या वाट्याला सात मेंढ्या आल्या, त्याही म्हाताऱ्या. भावकीच्या बैठकीत ती उभी राहिली आणि एकेका मेंढीकडे बोट दाखवून सांगू लागली : ही माझ्या तांबड्या कानाचीची नात, ही तिची धाकटी, ही दुष्काळात वाचवलेलीची लेक. पुरुष हसले. मैत्रिणींनो, पैदाशीच्या शास्त्राचा पहिला धडा काय? 'वंशावळीची नोंद ठेवा, आईबापाची माहिती ठेवा, म्हणजे जवळच्या नात्यात संकर होणार नाही.' ती नोंद या बाईने बारा वर्षे तोंडपाठ ठेवली होती. साहेबांच्या वहीत असती तर ती 'रेकॉर्ड' ठरली असती. बाईच्या तोंडात होती म्हणून बडबड ठरली!

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. आंदण हे स्त्रीधन आहे, आणि त्याच कायद्याचे कलम १४ स्त्रीला मिळालेल्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मानते. मिळकत म्हणजे फक्त जमीन नव्हे, जंगम मालही त्यात आला, म्हणजे मेंढरेही आली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. सातबाऱ्यावर बाईचे नाव लावा, ही मागणी आपण गावोगाव नेली. पण ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांची सगळी मिळकत चार पायांवर उभी असते. तिचा सातबारा कुठला?

तो आता तयार होतो आहे, म्हणून आज घाईने लिहिते आहे. सरकारी लसीकरणात जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात आणि त्या क्रमांकासमोर मालकाचे नाव संगणकात नोंदवतात. महाराष्ट्रात जून २०२४ पासून खरेदी-विक्रीला आणि नुकसानभरपाईला हा बिल्ला लागेल, असे शासनाने जाहीर केले. म्हणजे उद्या वीज पडून मेंढ्या मेल्या तर भरपाई त्या नावाला. वाटणीचा तंटा झाला तर पुरावा तेच नाव. आज ते नाव कुणाचे लागते, हे सांगायला नको.

योजनांचेही तेच. २०१७ पासूनच्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा, ७५ टक्के अनुदानावर. राष्ट्रीय पशुधन अभियानात पाचशे मेंढ्या आणि पंचवीस मेंढे, पन्नास लाखांपर्यंत अनुदान. पण जागेचे कागद दाखवा, बँकेचे कर्ज किंवा स्वतःचा हिस्सा दाखवा! बाईकडे ना जमीन ना तारण. बचत गटाच्या बाईला फार तर दोन शेळ्या. बाईला शेळी आणि बाप्याला कळप, ही वाटणी कुठल्या शास्त्रात लिहिली आहे?

यावर ठरलेली उत्तरे येतात. 'नाव कुणाचंही असलं तरी मेंढरं घरचीच की!' मग घरचीच असतील तर बाईचे नाव लावायला अडचण काय? 'बाई रानात एकटी कशी जाईल?' ती दर वर्षी अनोळखी मुलखात, उघड्यावर, लहान पोरे घेऊन राहतेच आहे. गावकऱ्यांच्या शिव्या, चराईवरून होणारी मारहाण, रात्रीची भीती सोसतेच आहे. तिच्या रक्षणाची काळजी मालकीचा प्रश्न निघाला की मगच बरी आठवते! 'बायकांना शास्त्रातलं काय कळतं?' याचे उत्तर वर दिलेच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद आणि जनावरे सांभाळणारी व्यक्ती स्त्री की पुरुष ही नोंद पहिल्यांदाच घ्यायचे ठरले. दार किलकिले झाले आहे. ते ढकलायला हवे. म्हणून आपल्या मागण्या :

१. बिल्ल्याच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे मालक म्हणून लावा. आंदणाच्या मेंढ्या आणि त्यांची वेल बाईच्याच नावे नोंदवा.

२. प्रशिक्षण वाड्यावर न्या, बायकांना सोयीच्या वेळी. निम्म्या जागा बायकांना. शिकवणाऱ्या पशुसखींना मानधन नव्हे, वेतन द्या.

३. मेंढीच्या योजनांतून जमिनीची अट काढा आणि अनुदान बाईच्या खात्यावर जमा करा.

४. सुधारित मेंढी देताना कोकरांसाठी दूध-बाटली, खुराक आणि औषधाची पेटी सोबत द्या. वाढलेले काम मोजा.

५. चराईच्या वाटेवर बायका-मुलांना संरक्षण, पाणी आणि दवाखाना द्या.

ज्या संघटना धनगर वस्त्यांजवळ काम करतात, त्यांनी पुढच्या लसीकरणाच्या दिवशी तिथे जाऊन उभे राहावे. बिल्ला मारणारा 'मालकाचं नाव?' असे विचारील. तेवढ्या वेळात बाईने पुढे येऊन आपले नाव सांगावे, आणि ते लिहिले जाईपर्यंत आपण कुणी तिथून हलू नये.