लाजेची लाली नव्हे

बाईचा चेहरा लाल झाला की ती लाजली असे समजायचे, ही कथा-सिनेमांनी लावलेली सवय. आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या छातीतून मानेवर, मानेवरून चेहऱ्यावर झळ चढते, पाठोपाठ घाम फुटतो, तेव्हा ‘ऊन लागलं’ म्हणतात. यवतमाळच्या उन्हात ते खरेही वाटते. पण हीच वाफ पौषातल्या रात्री तिला अंथरुणातून उठवून बसवते तेव्हा? सावळ्या कातडीवर लाली फारशी दिसत नाही, म्हणून घरचे नाटक समजतात.

पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होते, मेंदूतील उष्णता सांभाळणारे केंद्र जरा जरा बदलाने बिचकते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, गोरेपणाच्या स्टिरॉइडयुक्त मलमांनीही चेहरा लाल होतो, तेही विचारावे.

मात्र बाई तिशीतली असेल तर आधी विचारा : पिशवी काढली का? आणि पिशवीसोबत बीजांडकोशही? नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, वाफा लगेच येतातच असे नाही. दोन्ही बीजांडकोश गेले की रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर कोसळते. पुढे हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीडमध्ये २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणाऱ्या केंद्राच्या सूचना तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. शस्त्रक्रियेनंतरच्या वाफांबद्दल मात्र बाईशी कोण बोलते?

उपचार आहेत. सुती सैल कपडे, गरम चहा व तिखट कमी, तंबाखू बंद, याने थोडा उतार पडतो. कमी वयात बीजांडकोश काढलेल्या बाईला साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देतात; स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ते चालत नाही, अशांसाठी वेगळी औषधे आहेत. हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचे, मेडिकलवाल्याने नव्हे.

मैत्रिणींनो, पुढच्या गाव-बैठकीत डिस्चार्ज कार्डे सोबत आणायला सांगा. काय काढले ते त्यावर लिहिलेले असते; बऱ्याच जणींना ते आजवर कोणी वाचून दाखवलेले नाही. कार्ड नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून नोंदी मागा. तो तिचा हक्क आहे.