तीन पैशांचा हिशेब

शनिवारी सकाळी वारज्यात टपरीवर चहा घेताना एक मित्र म्हणाला, "पुलंनी काय केलं? ब्रेख्तचंच उचललं ना!" साहेब सध्या जर्मन शिकतायत, ऑनसाईटसाठी. तिथे नीट वाद घालता आला नाही, म्हणून इथे घालतोय.

अरे बाबा, मुळात ब्रेख्तनेही उचललंच होतं. जॉन गे ह्या इंग्रजाचा 'बेगर्स ऑपेरा' १७२८चा. त्यावरून ब्रेख्तचा 'थ्रीपेनी ऑपेरा' १९२८ला बर्लिनमध्ये आला, संगीत कुर्ट वाइलचं. १९७८ला पुलंनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, थिएटर अकादमीसाठी जब्बार पटेलांनी बसवला. लंडनचे चोर-भिकारी तमाशात आणून नाचवणं म्हणजे कॉपी-पेस्ट नव्हे!

घेण्यात पाप नाहीच. आपण रोज दुसऱ्यांच्या लायब्ररी वापरूनच पोट भरतो. पाप आहे ते नाव गाळण्यात. आणि तिथे मात्र ब्रेख्तसाहेब सापडतात. गेचं नाटक जर्मनमध्ये आणलं एलिझाबेथ हाउप्टमनने. करारात तिला साडेबारा टक्के, ब्रेख्तला साडेबासष्ट. आज त्या नाटकाचं नाव काढलं की ब्रेख्त आठवतो, फार तर वाइल. ही बाई कुणाला माहितेय?

"तिने नुसतं भाषांतर केलं," असं कुणी म्हणेल. ठीक आहे, ब्रेख्तच्याच कोर्टात जाऊ. 'कॉकेशियन चॉक सर्कल', म्हणजे खानोलकरांनी मराठीत 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं ते. त्यात न्यायाधीश मूल जन्मदात्रीला देत नाही, जिने खस्ता खाऊन वाढवलं तिला देतो. ह्या न्यायाने तमाशा पुलंचाच. पण मग ऑपेऱ्यावर हाउप्टमनचाही हक्क आहे, आणि तो मान्य करायलाच हवा.

इथवर तावातावाने लिहिलं आणि हात थांबला. दोन वर्षांपूर्वी माझ्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने रात्री जागून एक स्क्रिप्ट लिहिली. क्लायंटसमोर डेमो मी दिला. कौतुकही मीच घेतलं. शेवटच्या स्लाईडवरसुद्धा तिचं नाव नव्हतं. अप्रेजलला मला चांगलं रेटिंग मिळालं, तिला काय मिळालं ते मी विचारलंही नाही.

ब्रेख्तने निदान साडेबारा टक्के तरी दिले होते. मी? शून्य.

असो. सोमवारी मेल टाकतोय, मॅनेजरला सीसी करून. उशीर झालाय, कबूल. तुमच्या स्लाईडवरून कुणाचं नाव गळलंय का, तेवढं बघा.