आधी दार, मग हिशोब

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. रविवारी मिस्सेला जातो, उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची भक्ती करतो, पापनिवेदनही चुकवीत नाही. तरीही आमच्यापैकी एका घरात रिकामी खोली असताना एका तरुण जोडप्याला ती नाकारण्यात आली. भाडे ठरले होते, आगाऊ रक्कम द्यायची तयारी होती. ‘सध्या कुठे राहता?’ या प्रश्नाला ‘सेटलमेंटात’ असे उत्तर आले, आणि ती खोली एकाएकी पाहुण्यांसाठी राखीव झाली. हे कानावर आल्यावर आमच्यापैकी एकानेही निषेध केला नाही. ‘माणसे चांगली असतीलही, पण धोका कशाला?’ एवढेच आम्ही म्हणालो. तो निवाडाच होता, आणि तो आम्ही सर्वांनी मिळून दिला.

हा निवाडा जुना आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. गुन्हा सिद्ध होण्याची गरज उरली नाही. जन्म हाच पुरावा ठरला. सोलापुरात पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड वसवली गेली. हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर पडायचे नाही. गिरण्यांना त्यांचे श्रम चालत होते. गावाला त्यांचा शेजार चालत नव्हता. देशात अशा काही वसाहती ख्रिस्ती मिशनांकडे सोपवलेल्या होत्या. मुक्तिफौजेचे नाव त्यांत ठळक आहे. तेथे शाळा निघाल्या, हे खरे. पण क्रूस आणि कुंपण एकाच आवारात उभे राहिले, हेही तितकेच खरे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. तरी कारागृहांच्या नियमावल्यांतून जुना संशय डोकावतच राहिला. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर कोरडे ओढावे लागले. कायद्याने आपली चूक कबूल केली. आम्ही मात्र अजून पत्ता विचारतो!

आमचे काही बंधू म्हणतील, ‘कृपेच्या नावाखाली शिस्त सोडायची काय? माणूस आधी सुधारला पाहिजे.’ या सुज्ञांनी संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा पुन्हा वाचावी. जक्कय जकातदारांचा मुख्य. लोकांना नाडून श्रीमंत झालेला. सेटलमेंटमधल्या त्या जोडप्यावर तर असा कोणताच आरोप नव्हता. प्रभू येशूने त्याच्याकडे चारित्र्याचा दाखला मागितला नाही. आज तुझ्या घरी उतरणार, असे त्यानेच आधी सांगितले. चौपट परतफेडीचे वचन जक्कयाने त्यानंतर दिले. कुरकुर केली ती भोवतालच्या लोकांनी. आज आम्ही त्या कथेत कुठे उभे आहोत, हे वेगळे सांगायला नको.

कृपा म्हणजे पापाला पाठीशी घालणे नव्हे. निवाडा माणसाला त्याच्या काळ्या दिवसाला खिळून ठेवतो. कृपा त्याला पुढचा दिवस देते. केडगावी पंडिता रमाबाईंनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी निवारा उघडला, त्याचे नाव ‘कृपासदन’ ठेवले. रमाबाई आमच्या पंथाच्या नव्हत्या. पण त्यांना कृपेचा अर्थ कळला होता. कृपेला भिंती, छप्पर आणि उघडे दार लागते, हे त्यांनी ओळखले होते.

८ डिसेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये पवित्र द्वार उघडून दयेच्या वर्षाचा आरंभ केला. त्या वर्षी आम्हीही दयेवरची प्रवचने भक्तिभावाने ऐकली. रोमचे दार उघडले याचा आम्हांला केवढा आनंद! ज्या दाराची किल्ली आमच्याच कनवटीला आहे, ते मात्र आम्ही बंद ठेवले.

म्हणून आमची आमच्याच लोकांना मागणी आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर आमच्यापैकी चौघांनी सेटलमेंटमध्ये जावे, त्या जोडप्याची क्षमा मागावी आणि खोली देऊ करावी. त्यांना आता ती नको असेल, तर तो नकार मान खाली घालून ऐकावा. तोवर क्षमेवर प्रवचने करण्याचा आम्हांला अधिकार नाही. खोली अजून रिकामी आहे.