‘नेमलेले’ कोण? : एका कृदंताचा कोकणातून विचार

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात एक वाक्य आहे, ज्यावर ख्रिस्ती पंडितांचा वाद शतकानुशतके चालत आला आहे. पौल आणि बर्णबा पिसिदियातील अंत्युखिया नगरात येतात. यहुद्यांच्या सभास्थानात पौल प्रवचन करतो, पुढल्या शब्बाथाला जवळजवळ सारे नगर ऐकायला लोटते, काही यहुदी विरोध करतात आणि हे दोघे आपण आता परराष्ट्रीयांकडे वळत असल्याचे जाहीर करतात. परराष्ट्रीयांना हर्ष होतो. आणि त्यांच्यापैकी ज्यांनी विश्वास धरला त्यांचे वर्णन ग्रंथकार लूक एका कृदंताने करतो : अनंत जीवनाकरिता ‘नेमलेले’. नेमणूक आधी, विश्वास नंतर. मग विश्वास धरणाऱ्याचे स्वतःचे कर्तृत्व ते कोणते? आणि सारे ठरलेलेच असेल तर प्रवचनाचा खटाटोप तरी कशासाठी?

हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर, हर्णै आणि बाणकोट यांच्या दरम्यान केळशी हे गाव आहे. महालक्ष्मीचे देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा या दोहोंमुळे ते परिचित आहे. याच किनारपट्टीवर 1823 पासून स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या प्रचारकांनी आपले पहिले ठाणे दिले. पहिला आलेला डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. मागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन, नेस्बिट आले. 1829 मध्ये मुंबईस उतरलेले जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णैलाच येऊन राहिले. ही सारी मंडळी स्कॉटिश प्रेस्बिटेरियन संस्कारात वाढलेली, आणि त्या परंपरेचा आधारग्रंथ म्हणजे 1646 मध्ये सिद्ध झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासलेख. ईश्वराने कोणाचे तारण करायचे हे अनादिकाळीच ठरविले आहे, असे हा लेख निःसंदिग्धपणे सांगतो. म्हणजे ‘नेमलेले’ हा शब्द ज्यांच्या धर्मविचाराच्या केंद्रस्थानी होता, असेच लोक केळशीच्या दोन्ही अंगांना शाळा उघडून बसले होते.

यात विसंगती आहे असे सकृद्दर्शनी वाटते. ही शंका ख्रिस्ती जगातही उठली होती. देवाला परधर्मीयांचे परिवर्तन करायचे असेल तर तो आपल्या मदतीवाचून ते करील, असे मानणारा एक कडवा पक्ष अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होता. त्याला विल्यम केरी याने 1792 च्या आपल्या पुस्तिकेत उत्तर दिले : साध्य ईश्वराने नेमले असेल तर साधनेही त्यानेच नेमलेली आहेत, आणि ती हाती घेणे हे माणसाचे कर्तव्य आहे. याच केरीने 1805 मध्ये श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. सर्व काही ठरलेले आहे असे मानणारा मनुष्य परक्या भाषेतील विभक्तिप्रत्यय घोकत बसतो, यातच त्या सिद्धांताचे व्यावहारिक रूप दिसते.

तथापि केरीचे उत्तर आचरणापुरते झाले. वाक्याच्या अर्थाचा प्रश्न त्याने सुटत नाही. आमच्या मते तो सोडविण्यासाठी धर्मशास्त्र्यापेक्षा साहित्याच्या अभ्यासकाची नजर अधिक उपयोगी पडते, कारण मुळात हे वाक्य एका कथेत आलेले आहे. त्याच प्रसंगात दोनच वचने मागे पौल विरोधकांना काय म्हणतो ते पाहावे. तुम्ही स्वतःच स्वतःला अनंत जीवनास अपात्र ठरवीत आहात, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. तेथे क्रियापद कर्तरी आहे आणि ‘स्वतःला’ हा आत्मवाचक शब्दही हजर आहे. विश्वास धरणाऱ्यांविषयी मात्र कृदंत कर्मणी अर्थाचे येते. नकाराचा कर्ता मनुष्य, स्वीकाराचा कर्ता ईश्वर. आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी, इकुन्या नगरात, प्रेषित अशा रीतीने बोलले की पुष्कळांनी विश्वास धरला, असे लूक सांगतो. म्हणजे तेथे वक्तृत्वालाही कारणाचे स्थान आहे.

काही भाष्यकार ‘तेताग्मेनोइ’ या मूळ ग्रीक रूपाकडे बोट दाखवितात. ते रूप कर्मणी तसे आत्मनेपदीही असू शकते, म्हणून त्याचा अर्थ ‘ज्यांनी आपले मन त्या दिशेस लावले होते असे’ असा घ्यावा, हे त्यांचे म्हणणे. नेदरलँड्समध्ये 1618-19 च्या डॉर्टच्या धर्मपरिषदेत कॅल्व्हिन आणि आर्मिनियस यांच्या अनुयायांत जो झगडा झाला, त्याचे पडसाद आजही या एका शब्दाच्या भाषांतरात उमटतात. आमचा कल कर्मणी अर्थाकडेच आहे; कारण तो घेतला म्हणजे वर दाखविलेली विषमता ठळक होते. लूकला कार्यकारणाची उपपत्ती मांडायची असती तर त्याने दोन्ही बाजू एकाच प्रयोगात मांडल्या असत्या. नाकारणाऱ्यांस ‘न नेमलेले’ असे तो कोठेही म्हणत नाही. तो शब्द त्याच्या कथेत नाही; पुढे ज्यांनी सिद्धांत रचले त्यांनी तो पुरविला.

कृपेच्या भाषेचे हे वैशिष्ट्य आपल्याकडेही परिचित आहे. श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष पडले : माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. आत्मा ज्याला वरतो त्यालाच तो लाभतो, असा विचार कठोपनिषदातही आहे. परंतु मार्जारन्याय मानणारा भक्त दुसऱ्याच्या पिल्लाकडे पाहून ‘याला आईने उचललेले नाही’ असे म्हणू लागला की भक्ती संपली आणि अहंकार सुरू झाला. ‘मी उचलला गेलो’ हे वाक्य केवळ प्रथम पुरुषातच खरे ठरते. तृतीय पुरुषात, तेही नकारार्थी, घातले की तोच कृतज्ञतेचा उद्गार न्यायनिवाडा बनतो.

इतिहासात नेमके हेच घडले. अंत्युखियातील प्रसंगाचे मर्म असे होते की निवड जन्माच्या कुंपणाबाहेर पडली. जे वंशाने बाहेरचे तेही आत आले. पुढे बहुसंख्य झालेल्या ख्रिस्ती समाजाने त्याच प्रसंगाचा उपयोग यहुद्यांना त्यक्त ठरविण्यासाठी केला. मोडलेल्या कुंपणाच्या काट्यांनीच नवे कुंपण घातले गेले. वस्तुतः अंत्युखियात पौलाच्या मागे प्रथम गेलेल्यांत यहुदीही होते. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, तुम्ही कलम केलेल्या फांद्या आहात, मूळ वृक्षापुढे बढाई मारू नका, असा इशारा पौलाने परराष्ट्रीयांनाच दिला होता.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. कोकणच्या गावगाड्यात कोणी कोणत्या उंबऱ्याच्या आत जायचे हे जन्मानेच नेमलेले असे. अशा समाजात ‘नेमलेले’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानी नव्या जातीसारखा पडण्याचा धोका होता. तो शब्द दुसऱ्या रीतीनेही ऐकता येतो, हे रत्नागिरी जिल्ह्यातीलच करजगावी 1861 मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांच्या घरात दिसते. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ज्याला नेमणूक पाहायची आहे त्याला ती येथे दिसेल. ज्याला त्या दोन वर्षांतील वाचन, वाद आणि मनःस्ताप पाहायचा आहे त्याला तोही दिसेल.

मात्र या घरातील अधिक मोलाची साक्ष आम्हांस लक्ष्मीबाईंची वाटते. पतीची निवड ती पत्नीची निवड, हे त्यांनी मानले नाही. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या निश्चयाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना आठवेल की जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला आहे, या निष्कर्षास त्या बाप्तिस्म्यापूर्वीच, स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय त्यांनी केला. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दहाव्या अध्यायात भुकेला पेत्र यापो येथे शुद्धाशुद्ध प्राण्यांचा दृष्टान्त पाहतो आणि त्यानंतरच परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकतो. दोन्ही ठिकाणी निवडीचे कोडे प्रथम ताटावर सुटले. पेत्र हा निवडलेला, प्रचारकच. तरी बदलावे लागले ते त्यालाच आधी.

राहता राहिले ते न मानणारे. बाणकोट-हर्णै परिसरात धर्मांतरे अल्पच झाली आणि पुढे मिशनचे केंद्र पुण्या-मुंबईकडे सरकले. शाळेत अक्षरे शिकून, प्रवचन ऐकून, आपल्या देवळाकडे किंवा दर्ग्याकडे परत गेलेल्या असंख्यांविषयी ‘ते नेमलेले नव्हते’ असे म्हणणे प्रचारकाला सोयीचे होते. अपयशाचा हिशेब त्याने परस्पर मिटतो. पण लूकच्या वाक्यात त्या सोयीला आधार नाही. ज्यांनी होकार दिला त्यांच्या होकाराचे श्रेय तो देवाला देतो आणि थांबतो. साहित्याच्या अभ्यासकाने शब्दांइतकेच हे थांबणेही वाचले पाहिजे. संहितेने जेथे मौन पाळले आहे तेथे दुसऱ्याच्या नशिबाचा निकाल लिहून टाकणे, हे वाईट वाचन आहे. आणि धर्माच्या बाबतीत वाईट वाचनाची किंमत नेहमी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.