झाड तोडले म्हणून

"नाताळला खरे झाड तोडता? आम्ही बाई प्लास्टिकचेच लावतो!" मंडळाच्या दिवाळीत हे ऐकून घेतले. आता बोलते.

दर डिसेंबरात आम्ही चौघे एर्लांगेनहून फ्रांकिशे श्वाइत्समधल्या एका शेतावर जातो. मागच्या खेपेला घोटाभर बर्फ होते. मुलगी करवत चालवत होती, नवरा बर्फात आडवा पडून बुंधा धरत होता. ते झाड नॉर्डमान फर, मूळचे कॉकेशसचे. बी बहुतेक जॉर्जियातून येते आणि माणसाएवढे व्हायला ८-१० वर्षे लागतात. शेतकऱ्याने तोडण्यासाठीच लावलेले पीक आहे ते. ऊसतोडीला कोणी हळहळते का? फवारणी होते, हे खरे. त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

आणि आपला दसरा? आपट्याची अशी लागवड क्वचितच होते. रानातल्या फांद्या ओरबाडून बाजारात ढीग लागतात. पुष्कळदा तर तो कांचनच असतो. दुसऱ्या दिवशी ते 'सोने' पायदळी. त्यावर मंडळात कोणी नाक मुरडल्याचे मला तरी आठवत नाही.

यंदा मंडळाच्या हॉलमध्ये खरे झाड आणू या. करवत आमच्याकडे आहे.